निळा झाला की

जय कंपनीच्या शटलबसमधून उतरून घरात शिरला, तेव्हा दिवा लाल उघडझाप करत होता. म्हणजे पुन्हा तेच.

सुलभामावशी दिव्यासमोर हात जोडून उभी होती.

"आलास? आत्ताच दिवेलागण केली," ती म्हणाली.

जयने बूट न काढताच लॅपटॉप उघडला. मावशीने बुटांकडे पाहिलं. त्याने बूट काढले.

टेबलावर पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर होता. त्यावर लिनक्स चालायचं आणि त्याला हा दिवा जोडलेला होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी ठेवायचा दिवा. माणूस अंथरुणातून उठलं नाही, तर मुलांना कळवणारा. त्याच्या पोटातलं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, नवं करायचं, एवढंच काम. अर्धं झालं की दिवा निळा व्हायचा. मग घरातल्या माणसाने गोल बटण फिरवून उजेड मोठा करायचा, की उरलेलं अर्धं सुरू.

हे इंजिनियरने करून चालणार नव्हतं. वडीलधाऱ्या माणसाला एकट्याने जमलं पाहिजे, ही कंपनीची अट. जयच्या अमेरिकेतल्या, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये वडीलधारं माणूस एकच: सांगलीहून आलेली मावशी.

पहिल्याच दिवशी त्याने तिला समजावलं होतं. "निळा झाला की तू ब्राइटनेस…"

"मराठीत सांग रे. इथे जन्मलास म्हणून काय झालं?"

जयने बराच वेळ शब्द शोधला. "निळा झाला की… वाढव. दिवा वाढव."

मावशीचा चेहरा खुलला. "बघ! माझ्या बहिणीने वळण लावलंय हो. आमच्याकडची पोरंसुद्धा असं बोलत नाहीत आता."

"बटण कळलं ना?"

"न कळायला काय झालं? मला काय बटण कळत नाही?"

त्या कौतुकावर जय दिवसभर तरंगत होता.

त्यानंतर मात्र तो बुडतच गेला. त्याने अडॅप्टर बदलला. बटणवाली वायर काढून दुसरी बटणवाली वायर लावली. मेमरी कार्ड बदललं, लिनक्स पुसून नव्याने घातलं. कॉम्प्युटरच्या नोंदींत, लॉगमध्ये, रोज तीच ओळ: दिवा सापडत नाही. तीही रोज निम्म्यावरच. रविवारी मावशी देवळात गेली असताना तो स्वतः समोर बसला, तर सगळं मुकाट्याने पार पडलं. यंत्रं माणूस ओळखतात, असं आता त्याला वाटू लागलं होतं.

"मावशी, आज वाढवलास ना?"

"वाढवला की. निळा झाल्या झाल्या. पोळी तव्यावर टाकून उठले."

"आणि मग?"

"मग पोळी करपली."

यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

टीमची प्रमुख अनिका. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "शुक्रवारपर्यंत चाललं नाही ना जय, तर टीमच राहणार नाही. तू नाहीस, मीपण नाही." या दिव्यापायी जयने दोन नोकऱ्या नाकारल्या होत्या आणि एका मुलीने त्याला.

शुक्रवारी तिचा फोन आला.

"वरच्या लोकांनी तुझे लॉग्ज बघितले, यार. हार्डवेअरच खराब आहे म्हणतात. सगळा लॉट स्क्रॅप, प्रोजेक्ट कॅन्सल केलं. सॉरी."

"एकदा अजून वायर बदलून…"

"जय. इट्स ओव्हर. एनीवे, मावशींना थँक्स सांग. रिपोर्टमध्ये लिहिलंय, टेस्टरने सगळ्या सूचना तंतोतंत पाळल्या."

जयने लॅपटॉप मिटला. मावशी चहा घेऊन आली.

"तोंड का असं?"

"संपलं, मावशी. बंद केलं त्यांनी सगळं."

"असं अभद्र बोलू नये रे." मावशीने कप त्याच्या पुढ्यात सरकवला. "बंद केलं काय म्हणतोस? वाढवलं म्हणावं. तुझा दिवा कसा मी रोज वाढवत होते, निळा झाला की वायरवरचं बटण दाबून, तू शिकवलंस तसा!"