आत्याचा गोग्रास

“विश्राम, मी गेल्यावर गाईला रोज पोळी द्यायचा माझा गोग्रास चुकवू नकोस हं,” आत्या म्हणाली होती. तो हो म्हणाला आणि विसरला.

आता विनोदी सिनेमा लिहिताना त्याला प्रसंग सुचेना, म्हणून निर्माते बोंद्रे यांनी मेलेल्या माणसाच्या आठवणींची कुपी बाजारातून आणून विश्रामच्या कपाळाला लावली. समोरच्या पडद्यावर पोळी घेऊन निघालेली म्हातारी दिसली. गाईने पदर ओढला आणि ती शेणात आपटली.

बोंद्रे खदखदले. “घे, इंटरव्हलचा हशा!”

तिच्या पडण्याची कळ विश्रामच्या गुडघ्यात उठली. कानात आत्याच बोलली, “अगं बाई, गाय उपाशीच राहिली!”

त्याने कुपी कपाळावरून ओढून काढली. “शी! हे विकतं तरी कोण?”

बोंद्रेंनी कुपीवरचं विकणाऱ्याचं नाव वाचलं. “तूच की रे!”

आत्या गेल्यावर तिचं सगळं सामान त्याने न बघताच विकलं होतं. विश्रामने डब्यातली पोळी काढली आणि गाय शोधायला निघाला.