ओला उंबरा

युरोपला निघालेला लुकमान समुद्रात बुडाला, त्याला सहा वर्षं झाली. जाण्याआधी त्याने आपल्या गेममध्ये भर घालघालून मोसुलमधली त्यांची अख्खी गल्ली उभारली होती. पण जुनाट ग्राफिक्स कार्डावर ती धुरकटच दिसायची.

आज धाकट्या घानिमने नवं कार्ड बसवलं आणि आईला हाक मारली.

"पुन्हा त्या डबड्याचं कौतुक?" म्हणत ती आली, आणि पडद्यावरच्या आपल्या दाराकडे बघतच राहिली. "उंबऱ्यात पाणी कुणी सांडलं?"

"अगं, दादानेच दाखवलंय. जुन्या कार्डाला झेपत नव्हतं. घरातून निघालेला माणूस परत यावा म्हणून तू मागे ओततेस ना, तेच पाणी!"

आईने पडद्यावरच्या त्या ओल्या दगडावर बोट ठेवलं.



"त्या दिवशी मी रागावले होते रे... ओतलंच नव्हतं."