तिसरी ट्रायल

"आडवी नको! उभी, उभी ठेवा!" काचवाला ओरडला, तसा सेल्समन दचकून मागे सरला.

चाळिशी उलटलेला, गळ्यात टाय आवळलेला माणूस. छोट्या विजेच्या पिकअपच्या हौद्यात त्यानं मोठ्या मायेनं सतरंजी अंथरली होती. बिचाऱ्याला काय ठाऊक, काचेला निजवायचं नसतं. उभी न्याल तर खाचखळगे सोसते, आडवी केलीत की स्वतःच्याच भारानं तडकते. काचवाल्यानं लाकडी घोडी हौद्यात चढवली, तिला काच टेकवली आणि पट्टा ओढला. जास्त नाही. फार आवळलेली काचही टिकत नाही.

"वजन घालून बघितल्याशिवाय गाडी कळत नाही," काचवाल्याची बायको म्हणाली. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. "पहिल्या कंपनीची गाडी लांब आहे, पण फाळका छातीएवढा उंच. माल चढवताना कंबरडं मोडतं. दुसरीचा हौदा खाली आहे, पण बॅटरी लबाड. सांगतात दीडशे किलोमीटर, वजन टाकलं की ऐंशीला मान टाकते. आता तुमची बघू."

"ताई, आम्हाला ट्रेनिंगमध्येसुद्धा एवढं नाही सांगितलं," सेल्समन म्हणाला.

काचवाल्याला हसू आलं नाही. गाडी घ्यायची त्यांची ऐपतच नव्हती. सोमवारपासून जुन्या बाजाराच्या कमानीतून डिझेलच्या गाड्यांना बंदी झाली होती, आणि त्याची झाडून सगळी गिऱ्हाइकं कमानीच्या आत. विजेच्या भाड्याच्या गाड्या आधीच लोकांनी महिनाभरासाठी धरून ठेवलेल्या. हातगाडीवर न्यावी तर बाजारातल्या खडबडीत फरशीवरून काचेचे तुकडेच पोचायचे. मग बायकोनं तोड काढली. सोमवारी पहिल्या कंपनीची ट्रायल घेतली आणि शिंप्याच्या दुकानाची काच पोचवली. मंगळवारी दुसऱ्या कंपनीची घेतली, औषधवाल्याची पोचवली. आज बुधवार. अशा गाड्या काढणाऱ्या शहरात तीनच कंपन्या, तिन्ही कालपरवा जन्मलेल्या, आणि ही तिसरी. चौथी नव्हती.

आजची काच दवाखान्याची होती. चारच्या आत पोचली नाही, तर उरलेल्या बावीस खिडक्या दुसऱ्याला देऊ, असं डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं. त्या बावीस खिडक्या गेल्या की दुकानाला कुलूपच.

तो गाडी चालवायला बसला. सेल्समन शेजारी. बायको मागे हौद्यात, काचेला तळहात लावून. काच कुरकुरू लागली की ती केबिनवर थाप मारी. एक थाप, हळू. दोन थापा, थांब.

"सर, चौकातून मागे वळायचं असतं."

"जरा चढ बघू," काचवाला म्हणाला.

चढ झाला. "जरा फरशीचा रस्ता बघू."

गाडीला आवाज नव्हता. इंजिनाच्या धडधडीत निदान काळीज तरी लपलं असतं. मागून एक थाप आली. त्यानं पाय उचलला. कमानीपाशी पहारेकऱ्यानं गाडीची नंबरपाटी वाचली आणि हात हलवून आत सोडलं. पुन्हा एक थाप. मग लगोलग दोन. तो जागीच थांबला, घामाघूम. समोर खड्डा होता. एका चाकानं, मग दुसऱ्या चाकानं, मुंगीच्या पावलानं त्यानं तो ओलांडला. मागून थाप आली नाही. चाराला बारा मिनिटं कमी असताना दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली.

"इथं पार्किंगची ट्रायल घ्यायची का, सर?" सेल्समननं विचारलं.

काचवाल्यानं त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता, आणि रागावलेलाही नव्हता.

"काल संध्याकाळी दुसऱ्या कंपनीच्या शोरूममधून फोन आला होता मला," सेल्समन म्हणाला. "नवरा-बायको येतील, काच घेऊन येतील, दारातूनच परत पाठव."

काचवाल्यानं विचारलं, "मग?"

"मग काय, सकाळपासून वाट बघत होतो. दीड महिन्यात कुणी ट्रायलला आलं नाही." तो बाहेर बघत राहिला. "शुक्रवारी शोरूम बंद होतंय. ज्यांनी पैसे घातले ते गाड्या घेऊन जाणार."

शुक्रवार. म्हणजे गाडी हातात फक्त उद्याचा दिवस, फार तर परवाची सकाळ. काचवाल्यानं मनात बावीस खिडक्या मोजायला घेतल्या आणि पाचावरच सोडून दिल्या.

"अहो, उतरताय ना?" बायकोनं मागून हाक मारली. "बसलात काय नवरदेवासारखे! चार वाजतील."

तो धावत मागे गेला. पट्टा सोडला. बायकोच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, ती फाळक्याला धरून खाली उतरली आणि तिथंच लंगडत उभी राहिली. दवाखान्याच्या दारात चौकीदार घड्याळाकडे बोट दाखवत होता.

तेवढ्यात सेल्समननं टाय सोडून खिशात कोंबला. न विचारताच त्यानं काचेचं दुसरं टोक धरलं. चुकीचंच धरलं होतं.

"हात खाली घ्या. मनगट आत. माझ्या पावलाबरोबर पाऊल," काचवाला म्हणाला.

एकेक पाऊल टाकत दोघं पायऱ्या चढले. काच मध्ये, एक अलीकडे, दुसरा पलीकडे. शेवटच्या पायरीवर सेल्समननं गुडघ्याचा टेका दिला, पण काच सोडली नाही.

"दादा," धापा टाकत त्यानं विचारलं. इतका वेळ तो सर म्हणत होता. "गाडी शुक्रवारपर्यंत आहे. तोवर मला हे काम जमेल का?"