कपबशा

ओजिमातल्या आमच्या इमारतीचा नवा मॅनेजर कचऱ्याच्या खोलीपाशी आमच्या शेजारच्या नीना-सानना वाकून म्हणाला, "तुमचं जपानी फारच छान आहे हो! जपानमध्ये कधी आलात?"

"जन्मले तेव्हा," नीना-सान म्हणाल्या. डोळे निळे, पण जन्म कोबेचा आणि वय एक्याऐंशी.

तो गेल्यावर माझी सून सुरुची हसून म्हणाली, "मनावर घेऊ नका. मलाही रोज विचारतात."

"तुला येऊन दोन वर्षं झाली, बाई. मला जन्मभर विचारतायत."

मग बाटल्या वेगळ्या करता करता त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा व्लादिवोस्तोकच्या एका व्यापाऱ्याचे चिरंजीव. नव्या सोव्हिएत राजवटीला व्यापाऱ्यांची घराणी खुपत होतीच. त्यात यांच्या दुकानात जपानी कपबशा सापडल्या आणि पोलिसांनी आजोबांना जपानचा माणूस ठरवून तुरुंगात घातलं. ते परत आलेच नाहीत. आजी लेकाला घेऊन कोबेला पळून आली.

सुरुचीचा चेहरा पडला. नीना-साननी शेवटची बाटली टोपलीत टाकली आणि तिच्या पाठीवर थाप मारली.



"अगं, आमच्या घराण्याला आजवर जपानी मानलं ते फक्त त्या पोलिसांनी!"