उशिरा पोचलेली बोटं

“चालू कर, वहिनी. माझ्यासमोर चालू कर,” नणंद म्हणाली आणि सासूबाईंच्याच खुर्चीत बसली.

फोन टेबलावर होता. चार्जरची वायर लावलेली, पडदा काळा. आठ दिवसांपूर्वी सासूबाई याच खुर्चीत गेल्या, तेव्हा तो त्यांच्या मांडीवर असाच होता. हृदयाचा झटका. डॉक्टर म्हणाले, पंधरा-वीस मिनिटं तरी मिळाली असतील. दुपारची वेळ, घरात कुणी नाही. हातात फोन असून त्यांनी कुणालाच का लावला नाही, हा प्रश्न तेव्हापासून घरभर फिरत होता आणि शेवटी सुनेपाशी येऊन थांबत होता. कारण फोनमधली सगळी कारागिरी तिची होती.

ती आणि देशोदेशी विखुरलेली तिची मित्रमंडळी मिळून या फोनचं सॉफ्टवेअर लिहीत. फुकट, सगळ्यांसाठी खुलं. कुठल्या कंपनीची मालकी नाही, कुणाची पाळत नाही. फक्त एक गोम होती. तो चालायचा नाही. म्हणजे चालायचा, पण स्वतःच्या मर्जीनं. वायर काढली की दोन तासांत मान टाकायचा आणि दिवसातून दहादा अडकून बसायचा. सासूबाई त्याला ‘तुझा म्हातारा’ म्हणायच्या, पण वापरायच्या तोच. तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट म्हणून काढलेली बाई, लोकांच्या चुका काढण्यात हयात गेलेली. एवढी खमकी परीक्षक सुनेला शोधूनही सापडली नसती. सापडेल ती चूक सासूबाई त्या फोनमध्येच तक्रार म्हणून लिहून ठेवत आणि रविवारी चहा घेत दोघी ती यादी वाचत. भांडत, हसत. त्या रविवारांची आठवण आली की सुनेला हल्ली रडू आवरत नसे.

“आई मला सांगायची,” नणंद म्हणाली. “या डबड्यात शंभरावर तक्रारी लिहून ठेवल्यात म्हणून. मला त्या वाचायच्यात. दादालाही वाचून दाखवणार आहे मी.”

दादा म्हणजे सुनेचा नवरा. आठ दिवसांत तो तिच्याशी धड दोन वाक्यं बोलला नव्हता. त्या तक्रारी ऐकल्यावर तो कायमचाच अबोला धरेल, हे तिला दिसत होतं. तरीही तिनं फोन कॉम्प्युटरला जोडला.

फोन बंद नव्हताच. नुसता अडकलेला होता, आठ दिवस. नेमकं काय अडकलंय ते तिनं शोधलं आणि तेवढंच मोकळं केलं.

पडदा उजळला. वर वेळ होती दुपारची तीन बारा. खिडकीत सकाळचं कोवळं ऊन होतं.

मग कुणीही हात न लावता नावांची यादी उघडली.

नणंदेनं पाय खुर्चीवर ओढून घेतले. “हे कोण करतंय?”

“आई,” सून म्हणाली. “त्या दुपारी त्यांनी दाबलेलं आत्ता पोचतंय, ताई.”

ती सोय तिनंच केली होती. फोन अडकलेला असताना पडलेलं एकही बोट वाया जाऊ नये, जागा झाला की सगळं जसंच्या तसं, ओळीनं, मधल्या थांब्यांसकट पार पडावं. सासूबाईंना सांगूनही ठेवलं होतं, “आई, अडकला तरी दाबत राहा. उशिरा का होईना, पोचतं.” कुठलं बटण कुठं येतं हे त्यांच्या बोटांना वर्षभरात पाठ झालं होतं. काळ्या पडद्यावरही त्या चुकल्या नसत्या.

यादीतून एक नाव निवडलं गेलं. ना मुलाचं, ना मुलीचं. टेबलावर सुनेचा फोन थरथरला. ‘आई’. थांबला. परत वाजला. हिरवं बटण दाबलं की त्याच जागी लाल यायचं. सासूबाई तिथंच दाबत राहिल्या होत्या, म्हणून लागलेला फोन तुटत होता आणि तुटलेला पुन्हा लागत होता.

तिसऱ्यांदा नणंदेनं झडप घालून तो उचलला. “आई?”

“आई?” पलीकडून तिचाच आवाज आला, जरा उशिरानं.

फोन तुटला. मग बराच वेळ काहीच घडेना. एवढा वेळ या खुर्चीत बसून सासूबाई कसला विचार करत होत्या, ते सुनेला कळेना. तिला भीती वाटत होती आणि त्यांनी अजून काहीतरी करावं असंही वाटत होतं.

तक्रारींची यादी उघडली. एकशे सत्तावीस. नणंद वाचायला पुढे वाकली, तोच सगळ्या तक्रारींवर एकदम खुणा झाल्या आणि खालून चौकट वर आली. सगळं पुसायचं? नक्की?

सुनेचा हात आपसूक पुढे गेला. दोघींचं वर्षभराचं काम होतं ते, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. नणंदेनं तिचं मनगट धरलं.

“थांब,” ती कुजबुजली. “तिला करू दे.”

‘हो’ दाबलं गेलं. यादी कोरी झाली.

मग नवी नोंद उघडली. काय बिघडलं, असं फोननं विचारलं. खालची अक्षरं आपोआप दबू लागली, टायपिस्टच्या सराईत चालीनं, मधे मधे दम खात. नणंदेनं मनगट सोडलं नव्हतं. दोघी डोकं डोक्याला लावून वाचत होत्या.

‘काही नाही. माझंच बोट चुकलं.’