वरच्या शिंगावरच्या खाचा

"बाकी सगळं झकास," म्हातारे वादक म्हणाले, "पण ही खूण काढून टाका. नाहीतर मी सही करणार नाही."

गिटार कारखान्याच्या मालकांच्या हातातलं पेन हातातच राहिलं. टेबलावर एक बेस गिटार होती आणि मागे भिंतीला ओळीने एकोणचाळीस. सगळ्या कोऱ्या, आणि सगळ्या पन्नास वर्षं वाजवल्यासारख्या दिसणाऱ्या. वादकांच्या गाजलेल्या जुन्या गिटारीची ही हुबेहूब नवी आवृत्ती. प्रत्येकीच्या पाठीवर त्यांची सही झाली की माल बाहेर जाणार होता. नाही झाली, तर वर्षभराची मेहनत पाण्यात आणि झीजवालीचा विभाग बंद. मालकांनी तसं सकाळीच स्वच्छ सांगून टाकलं होतं.

झीजवाली म्हणजे नव्याचं जुनं करणारी बाई. सगळं जग जुन्याला रंग लावून नवं म्हणून खपवतं, हिचा धंदा उलटा. हात घासून घासून रंग कुठे उडतो, बक्कलने पाठीवर ओरखडे कसे उठतात, अंगठा टेकून लाकूड कुठे खोलगट होतं, सगळं तिला पाठ. पॉलिश पेपर आणि कानस घेऊन बसली की पन्नास वर्षं ती चार दिवसांत उरकायची. आणि लोक चकचकीत गिटार सोडून हिने घासलेलीच मागायचे. "का हो?" तिने एकदा एका गिऱ्हाइकाला विचारलं होतं. "हातात घेतली की वाटतं, आपण आधीपासूनच कुणीतरी आहोत," तो म्हणाला. तिला ते पटलंही होतं आणि नव्हतंही.

मूळ गिटार आठवडाभर तिच्याकडे होती. एकेका ओरखड्याचा तिने माग काढला. एकच खूण अडली. गिटारीच्या वरच्या शिंगावर, म्हणजे दांड्याशेजारी पुढे आलेल्या लाकडी टोकावर, जिथे वाजवणाऱ्याचा हात जायचं काही कारणच नाही, तिथे बारीक खाचा होत्या. वर चार, खाली तीन. स्टेजवर बेभान होऊन वादकांनी दात रोवले, असं चाहते छातीठोकपणे सांगायचे. झीजवालीने मापं घेऊन पाहिली. चांगल्या बाप्या माणसाचा जबडा एवढासा? उंदीर म्हणावा, तर उंदीर काही इतक्या शिस्तीत कुरतडत नाही. शेवटी कळो न कळो, कामात कसूर नको, म्हणून तिने त्या सात खाचा चाळीस गिटारींवर कोरल्या. डोक्यातला किडा मात्र वळवळतच राहिला.

आणि आता म्हणे तेच काढा!

"अहो, लोकांना तीच तर हवीय," मालक काकुळतीला आले. "त्या खाचांशिवाय ही गिटार तुमची कशी?"

"मग तुमच्या लोकांना सांगा, ज्याची त्याने चावून घ्या."

झीजवालीला राहवेना. "आजोबा, सही नका करू हवं तर. पण मला एवढं सांगा, चावलं कोणी?"

मालकांनी तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. म्हातारे मात्र जरा निवळले. दाराजवळच्या खुर्चीत एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

"हिने. माझी लेक. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. चार वर्षांची होती. मी वाजवत बसलो होतो, तर ही आली आणि शिंगावर दात टेकवून उभी राहिली. डोळे मिटून. दातांतून, हाडांतून सूर आत गेला असणार, दुसरं काय? आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लेकीने मला ऐकलं. मग ती सारखीच अशी यायला लागली आणि मी एकेक करून बँडचे दौरे सोडले. लोक म्हणाले, म्हातारपणाच्या आधीच ह्याला म्हातारचळ लागला. म्हणू देत." "मला वाटलं, तुम्ही रंगबिंग उतरवून घ्याल. हे उचलाल असं वाटलं नव्हतं. लेकीचा कान आहे तो, बाई. कान कधी कोणी विकायला काढतं का?"

विभाग गेला खड्ड्यात, असंच वाटलं झीजवालीला त्या क्षणी. तिने कानस उचलली आणि टेबलावरच्या गिटारीच्या शिंगाला लावली.

लेक ताडकन उठली. इतका वेळ ती सगळ्यांचे ओठ वाचत होती. तिने झीजवालीचं मनगट धरलं, टेबलावरचा पॉलिश पेपरचा तुकडा उलटा केला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने भराभरा काहीतरी लिहिलं. झीजवालीने ते वाचलं. तिचा हात तोंडावर गेला. तिने तो तुकडा म्हाताऱ्यांपुढे धरला.

'ऐकू काहीच यायचं नाही. नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. पण दात टेकवले की बाबा दौऱ्यावर जायचे ते थांबायचे. खाचा राहू द्या. फार उपयोगी पडल्या.'

म्हाताऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. त्यांनी मालकांकडे पेनासाठी हात पुढे केला आणि टेबलावरच्या गिटारीवर सही केली. दुसरी जवळ ओढली, तिच्यावरही केली. मग लेकीला ओठ नीट दिसतील असे तिच्यासमोर उभे राहिले.

"तरीच!" ते म्हणाले. "मी बॅग भरायला घेतली की तुला बरोबर तेव्हाच ऐकायचं असायचं!"