एकसष्टाव्या दिवसाचे डबे

यानाच्या फडताळावर डबे अकरा होते. वाटाण्याचे पाच, मक्याचे चार, घेवड्याचे दोन. गुरुवारच्या फोटोत चौदा होते.

तिने पुन्हा मोजले, या वेळी बोट लावून, उजवीकडून डावीकडे. अकराच.

सिनेमात हा एकसष्टावा दिवस. वाट चुकलेल्या यानात एकटा उरलेला माणूस आणि त्याच्यासमोर शेवटचे चौदा डबे. प्रसंगाचा अर्धा भाग गुरुवारी चित्रित झाला होता, उरलेला आज, सोमवारी व्हायचा होता. म्हणजे पडद्यावर माणूस नुसती मान वळवणार आणि तेवढ्यात तीन डबे हवेत विरणार. आधीचं नंतरच्याशी जुळतं की नाही, हे पाहणं तिचं काम. दाढीची लांबी, घड्याळाचा काटा, शर्टाची बटणं. सेटवर तिचं नाव मोजपट्टी पडलं होतं.

"काका, तीन डबे कुठे गेले?"

सामान सांभाळणारे काका यानाच्या प्लायवुडला रुपेरी रंग देत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "उंदरांनी नेले असतील."

"उंदरांकडे डबे उघडायचं यंत्र असतं का?"

"अंतराळातले उंदीर ते, पोरी. शिकलेले असणार."

ती तणतणत दिग्दर्शकांकडे गेली. ते मॉनिटरसमोर बसून केळं सोलत होते.

"सर, डबे जुळत नाहीत."

"प्रेक्षक काय डबे मोजायला येणारेत?"

"मी मोजते."

"तुझ्यासाठी नाही काढत मी सिनेमा. परवा तुझं मेणबत्तीवरून चाललं होतं, आज डबे."

"सर, तो म्हणतो, यानातली हवा संपली. आणि त्याच्या मागे मेणबत्ती जळतेय."

"मग त्याचा चेहरा कशात दिसणार? तुझ्या पदवीच्या उजेडात?" त्यांनी केळ्याचा घास घेतला. "डबे सोड, आधी हिरोचं वजन बघ. पंधरा दिवस नुसत्या सूपवर ठेवलाय आणि गुरुवारपासून काटा हलायला तयार नाही. आज चौपन्नच्या खाली आला, तर संध्याकाळपर्यंत उपासमारीचे सगळे प्रसंग उरकू. मग त्याने खुशाल हत्ती खावा. नाही आला, तर अजून एक आठवडा. आणि सूपसुद्धा बंद, नुसतं पाणी."

हिरोच्या वजनाची नोंदही तिच्याच वहीत होई. दाढीसारख्या बरगड्याही जुळायला हव्यात, असं सरांचं म्हणणं.

परतताना ती मध्येच थांबली. काटा अडला गुरुवारपासून. डबे गेले गुरुवारनंतर. तीन डबे, प्रत्येकी चारशे ग्रॅम. वस्तू नाहीशी होत नसते, जागा बदलते, हे तिने शाळेपासून घोकलं होतं.

तिने कपाळाला हात लावला आणि यानात शिरून झोपायच्या कप्प्याचा पडदा सरकवला.

हिरो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. शेजारी दोन डबे रिकामे, हातातला तिसरा होत आलेला.

"ताई," तो म्हणाला. त्याचा चमचा डब्याच्या काठावर टकटक वाजत होता.

"अहो, पुढच्या रांगेतले कशाला घेतलेत?" ती दबक्या आवाजात खेकसली. "मागचे घ्यायचे ना! मागचे कॅमेऱ्यात दिसत तरी नाहीत!"

"मागचे रिकामे आहेत. सगळे हलवून बघितले मी."

तिची नजर शेजारच्या दोन रिकाम्या डब्यांवर गेली.

"हे तळाकडून उघडलेत मी," तो म्हणाला, "म्हणजे ठेवल्यावर लेबल सरळ दिसेल. परत ठेवणारच होतो, तेवढ्यात तुम्ही मोजायला लागलात."

तिने एक डबा उचलून पाहिला. खरंच तळाकडून उघडला होता, तोही अगदी कडेकडेने.

"काल जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली," तो डब्यात बघत म्हणाला. "पडलो. शुद्धीवर आलो, तर सर म्हणत होते, उठू नकोस, असाच राहा, कॅमेरा येतोय."

"तोंड पुसा," ती म्हणाली. "ओठाला वाटाण्याचं साल लागलंय. एकसष्टाव्या दिवशी तुम्ही वाटाणे खाल्लेले नाहीत."

त्याने तोंड पुसलं. शेवटचे चार वाटाणे तेवढे तोंडात टाकले आणि पुन्हा पुसलं.

तिने तिन्ही डबे फडताळावर नेऊन ठेवले, उघडी बाजू खाली, लेबल समोर. फोटो शेजारी धरून पाहिला. मक्याचा एक डबा करंगळीभर डावीकडे सरकवला. चौदा.

"मोजपट्टी!" माइकवरून सरांचा आवाज आला. "वजन!"

वजनकाटा यानाच्या दारातच होता, मॉनिटरपासून वीस फुटांवर. हिरो वर चढला. तोल गेला तसा त्याने चौकटीला हात टेकला.

"हात काढा," ती म्हणाली.

त्याने हात काढला. आकडे फिरले, डळमळले आणि ५५.२ वर थांबले.

तिने वही उघडली. तीन महिने झाले होते आणि त्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. हिरो काट्याकडे बघत नव्हता, तिच्याकडेही नाही. तो फडताळाकडे बघत होता.

"अगं, किती?" माइक खरखरला. "झोपलीस का?"

तिने आधी लिहिलं, मग वाचून दाखवलं.

"त्रेपन्न किलो, नऊशे ग्रॅम."